बदलापूरच्या आकाशात हौशी ड्रोन: वजनकाट्यापासून मनाई आदेशापर्यंत

उल्हास नदीच्या काठावर रविवारची सकाळ. माझा ड्रोन साठ मीटर उंचीवर होता आणि मागून आवाज आला, "ओ दादा, परमिशन आहे का?" गस्तीवरचे दोन पोलीस उभे होते. मी छाती फुगवून सांगितलं, "अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, याला परवाना लागत नाही." त्यांतल्या वयस्कर हवालदारांनी मान डोलावली. "परवाना कुठे विचारला? परवापासून मनाई आदेश आहे. वाचलात का?"

वाचला नव्हता. असा काही आदेश निघतो हेच मला ठाऊक नव्हतं. ड्रोन खाली उतरवला, नाव-पत्ता लिहून दिला, समज घेतली आणि घरी आलो. त्या दिवसापासून उडवण्याआधीच्या कामांचा एक क्रम ठरवून घेतला. इथे तोच क्रम उलगडून लिहितो आहे.

नियम म्हणजे देशभर लागू असलेले ड्रोन नियम, २०२१. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ते २५ ऑगस्ट २०२१ रोजी काढले आणि २०२२, २०२३, २०२४ मध्ये त्यांत दुरुस्त्या झाल्या. उदाहरणं मात्र बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातली, कारण मी इथे राहतो. तुम्ही पनवेलला, तळेगावला किंवा वसईला असाल तर क्रम हाच ठेवा, फक्त नकाशा आपापला बघा.

आधी काट्यावर ठेवा

सगळा कायदा वजनापासून सुरू होतो. २५० ग्रॅम किंवा त्याहून कमी म्हणजे नॅनो. २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंत मायक्रो. पुढे स्मॉल, मीडियम, लार्ज आहेत, पण हौशी माणसाचा त्यांच्याशी फारसा संबंध येत नाही.

हे वजन कुठलं? खोक्यावर छापलेलं नव्हे. उडताना ड्रोनवर जे जे असेल त्या सगळ्याचं. बॅटरी, मेमरी कार्ड, कॅमेऱ्यावर लावलेला फिल्टर, पंख्यांभोवतीचं संरक्षक कडं, हौसेने चिकटवलेला दिवा, सगळं धरून. बाजारातले लोकप्रिय छोटे ड्रोन मुद्दाम २४९ ग्रॅमचे बनवलेले असतात. त्यांना कडं लावलं, किंवा त्याच मॉडेलसाठी मिळणारी जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी टाकली, की काटा २५० च्या पुढे जातो आणि तुमचा नॅनो मायक्रो होतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या कामाला पुरतो. मी उडवायच्या अवस्थेतला ड्रोन काट्यावर ठेवून फोटो काढून फोनमध्ये ठेवला आहे. एकदा तो दाखवायलाही उपयोगी पडला.

नॅनो असेल तर तीन गोष्टी माफ: टाइप सर्टिफिकेट (त्या बनावटीचा ड्रोन मानकांत बसतो याचा दाखला), रिमोट पायलटचं, म्हणजे उडवणाऱ्याचं, प्रमाणपत्र आणि तिसऱ्या पक्षाचा विमा (आपल्या ड्रोनने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा). मायक्रो असेल आणि उडवणं निव्वळ हौसेसाठी असेल, तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण विमा लागतो. हौसेपुरता, नजरेच्या टप्प्यात उडवायचा ड्रोन नियमांत 'मॉडेल' या वर्गात बसतो आणि त्यालाही टाइप सर्टिफिकेटची सक्ती नाही.

या यादीत 'कुठेही उडवायची मुभा' कुठेच नाही, हे लक्षात घ्या. नदीकाठी मी नेमका तिथेच फसलो. हलक्या वजनामुळे कागद कमी होतात. जागेचे आणि वेळेचे निर्बंध पाव किलोच्या ड्रोनला आणि वीस किलोच्या ड्रोनला सारखेच.

जाता जाता एक. यूट्यूबवर अजून २०१८ च्या जुन्या नियमांचे व्हिडिओ फिरतात. नॅनो ५० फुटांपर्यंतच उडवायचा वगैरे त्यांतलंच. ते नियम गेले. व्हिडिओची तारीख बघूनच विश्वास ठेवा.

विकत घेताना

९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन भारतात आयात करायला बंदी आहे. सुटे करून आणले, किटच्या रूपात आणले तरी बंदी. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठी परवानगीने सवलत मिळते. सुटे भाग आणायला मोकळीक आहे.

म्हणजे अमेरिकेतल्या मामाने येताना भाच्यासाठी ड्रोन आणला तर विमानतळावर तो जप्त होऊ शकतो. प्रवाशांनी भरायच्या कस्टम्सच्या घोषणापत्रात ड्रोनचा वेगळा उल्लेखच असतो, त्यामुळे 'माहीत नव्हतं' हे चालत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना हे आधीच कळवून टाका, नाहीतर भेट कस्टम्सला आणि मनस्ताप तुम्हाला.

मग दुकानांत परदेशी ड्रोन दिसतात ते काय? काही बंदीच्या आधीचे आहेत, बाकीचे कसे आले ते दुकानदाराला विचारा. पक्कं बिल देता का, त्यावर सीरियल नंबर लिहिता का, एवढे दोनच प्रश्न. उत्तर "बिलाचं काय करता, दोन हजार कमी करतो" असं आलं तर पायऱ्या उतरा. सीरियल नंबर असलेलं बिल नसेल तर पुढची पायरी अडते. जुना ड्रोन घेत असाल तर आधीच्या मालकाच्या नावावरची नोंदणी तुमच्या नावावर करून घ्या. मोटरसायकलीचं जसं करतो तसंच.

नोंदणी आणि युआयएन

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. 'नॅनोला नोंदणी लागत नाही' हे मी किमान दहा जणांकडून ऐकलं, त्यांत दोन दुकानदार. वर सांगितलेल्या तीन माफींत नोंदणी नाही. ड्रोन कुठलाही असो, त्याचा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे युआयएन, काढायचा असतो. गाडीच्या नंबरप्लेटसारखाच.

अर्ज नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या पोर्टलवर ऑनलाइन भरतात. फॉर्मचं नाव डी-२, शुल्क १०० रुपये. पूर्वी ओळखीसाठी पासपोर्ट मागत, त्यामुळे पासपोर्ट नसलेले बरेच जण अडले होते. ऑगस्ट २०२४ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं.

फॉर्म भरायला बसण्याआधी तीन नंबर कागदावर उतरवून घ्या: ड्रोनचा सीरियल नंबर, त्यातल्या फ्लाइट कंट्रोलरचा (उड्डाण सांभाळणारा आतला बोर्ड) आणि रिमोटचा. युआयएन या तिघांशी जोडला जातो. पहिला बहुधा बॅटरीच्या खोबणीत बारीक अक्षरांत असतो, बाकीचे अ‍ॅपच्या 'अबाउट' पानावर सापडतात. पुढे कधी रिमोट बदललात किंवा दुरुस्तीत आतला बोर्ड बदलला तर तेही पोर्टलवर नोंदवायचं. सर्व्हिस सेंटरवाला हे आपणहून सांगत नाही.

युआयएन मिळाला की लेबल प्रिंटरवर छापून ड्रोनच्या पोटावर चिकटवा आणि शेजारी आपला मोबाइल नंबर लिहा. ड्रोन कुणाच्या गच्चीत पडला तर परत मिळण्याची शक्यता त्या नंबरानेच वाढते.

नकाशा: हिरवा, पिवळा, लाल

डिजिटल स्काय या सरकारी व्यासपीठावर देशाचा हवाई नकाशा आहे. २४ सप्टेंबर २०२१ पासून तो सगळ्यांना खुला आहे. आपलं ठिकाण शोधायचं आणि रंग बघायचा.

हिरव्या भागात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवायला हवाई परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात त्या भागाच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारची, म्हणजे हौशी माणसाने तो विषय सोडून दिलेला बरा.

चालू विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच पिवळा. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवं, त्यावर पिवळं. १२ किलोमीटरच्या पलीकडे इतर काही बंधन नसेल तर ४०० फुटांपर्यंत हिरवं आणि ४०० च्या वर सगळीकडेच पिवळं. विमानतळाच्या अगदी जवळच्या भागाचं तर बोलायलाच नको.

आता आपल्याकडचं गणित. बदलापूर मुंबई विमानतळापासूनही लांब आणि नवी मुंबई विमानतळापासूनही वीस किलोमीटरहून जास्त अंतरावर. त्यामुळे विमानतळाची वर्तुळं आपल्यापर्यंत पोचत नाहीत. पण पनवेल, खारघर, उलवे, नेरुळ इथल्या लोकांचं चित्र पालटलं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. नियमातला शब्द 'चालू विमानतळ' असा आहे. म्हणजे खारघरच्या टेकडीवर दोन वर्षांपूर्वी बिनधास्त उडवणाऱ्याने जुन्या आठवणीवर जाऊ नये.

विमानतळ लांब आहे म्हणून बदलापूरकरांनीही निर्धास्त होऊ नये. शेजारी अंबरनाथला आयुध निर्माणी आहे आणि डीआरडीओची नौदलासाठीची साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे, तिच्या जमिनीचा नौदलाशी असलेला संबंध २०१७ च्या शेतकरी आंदोलनामुळे सगळ्या महाराष्ट्राला कळला. अशा ठिकाणांच्या जवळपास असाल तर नकाशावर बोट ठेवून नेमका बिंदू तपासा. 'अंबरनाथ हिरवं आहे' असं कुणी सांगितलं म्हणून निघू नका. पुणेकरांचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, गोव्यातलं दाबोळी नौदलाचं. नाशिककरांना ओझर आणि देवळाली आहेतच. तिथल्या उपनगरांत रंग गल्लीगणिक बदलू शकतो.

आणखी एक सापळा आहे. ड्रोनच्या कंपनीच्या अ‍ॅपमधला नकाशा वेगळा, सरकारचा वेगळा. अ‍ॅपने उडू दिलं म्हणजे कायद्याने उडू दिलं असं होत नाही. पोलिसांसमोर अ‍ॅप दाखवून उपयोग नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

उड्डाणाआधी हा नकाशा तपासणं ही सूचना नाही, नियमानेच घातलेलं बंधन आहे. आणि एकदा पाहिला म्हणून संपलं असंही नाही. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाच्या वरचा अधिकारी तातडीच्या कारणासाठी एखादा भाग तात्पुरता लाल जाहीर करू शकतो, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास. मंत्री येणार, मोठी सभा आहे, दंगल झाली, अशा वेळी हे घडतं. कालचा स्क्रीनशॉट आज चालत नाही.

मनाई आदेश: नकाशावर कदाचित न दिसणारं बंधन

नदीकाठच्या हवालदारांनी मला जो धडा दिला तो हा. ड्रोन नियमांखेरीज पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढतात. जुन्या लोकांना कलम १४४ म्हटलं की पटकन कळेल. मुंबई पोलिसांचे असे आदेश वर्षभर आलटून पालटून येत असतात. त्यांत ड्रोन, रिमोटवरची छोटी विमानं, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून असं सगळं एका ओळीत असतं. आदेश साधारण महिनाभराचा असतो, संपला की पुन्हा नवा निघतो. मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. तिथे तुमचा ड्रोन नॅनो आहे की मायक्रो, कुणी विचारत नाही.

बदलापूर-अंबरनाथ ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात, मुंबईच्या नाही. मुंबईतला आदेश इथे लागू नसतो आणि इथला तिकडे नसतो. बातमी वाचताना 'बृहन्मुंबई हद्दीत' असं लिहिलंय का ते बघा. उलट बाजूनेही जपा. वांगणी, नेरळ, कर्जतच्या दिशेने गेलात की हद्द बदलते, पुढे जिल्हाही बदलतो आणि आदेश काढणारं कार्यालयही.

शोधायचं कसं? आयुक्तालयाचं संकेतस्थळ आणि समाजमाध्यमांवरचं अधिकृत खातं, ही पहिली जागा. पण आदेशाची भाषा जड असते आणि पीडीएफ स्कॅन केलेली असते, शोधून सापडत नाही. म्हणून मी साधा मार्ग धरला: पोलीस ठाण्याच्या लँडलाइनला फोन. "नमस्कार, मी अमुक भागात राहतो, उद्या सकाळी अमुक मैदानावर छोटा ड्रोन उडवायचा आहे, सध्या काही मनाई आदेश आहे का?" ठाणे अंमलदार बहुतेक वेळा सरळ उत्तर देतात. कुणाशी बोललो ते नाव आणि वेळ मी वहीत लिहून ठेवतो. एकदा "आता नका उडवू, चार दिवसांनी बघा" असं उत्तर आलं. कारण विचारलं नाही, ड्रोन बॅगेतच राहिला.

मोठ्या दिवसांचा अंदाज आपला आपण बांधता येतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, विसर्जन, दहीहंडी, निवडणुका, बड्या नेत्यांचे दौरे. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव असताना तर साध्या ड्रोनकडेही लोक संशयाने बघत होते. अशा दिवसांत फोन करण्याचेही कष्ट घेऊ नका, ड्रोन कपाटात ठेवा.

खालची जमीन कुणाची

हवाई परवानगी लागत नसली तरी उभं राहून उडवायला जागा लागते आणि तिला मालक असतो.

सोसायटीची गच्ची ही तुमच्या एकट्याची नाही. सेक्रेटरींना एक अर्ज द्या, त्यावर सही घ्या, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या रात्री निरोप टाका. खरं सांगायचं तर दोन इमारतींच्या मधून उडवण्याची हौस सोडूनच द्या. सिग्नल तुटतो आणि शेजारी कायमचे तुटतात. नगरपालिकेच्या मैदानावर सकाळी सात वाजता क्रिकेटची पोरं असतात. तासभर आधी गेलात तर मैदान तुमचंच.

अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन १०६० मधलं, शिलाहारांच्या काळातलं. वरून त्याचं शिल्पकाम कसं दिसेल या विचाराने प्रत्येक ड्रोनवाल्याचा हात शिवशिवतो. पण ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तिथे त्यांच्या परवानगीशिवाय उडवायचं नाही. बाकीच्या संरक्षित किल्ल्यांना आणि लेण्यांनाही हेच लागू.

बारवी धरण एमआयडीसीचं आहे आणि आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी शहरांना तिथून पाणी जातं. पावसाळ्यात ते भरून वाहू लागलं की सगळ्यांना वरून शॉट हवा असतो. लेखी परवानगी नसेल तर भिंतीच्या आसपास ड्रोन काढू नका. रेल्वेचंही तसंच. स्टेशन, यार्ड, पूल इथल्या चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते, शिवाय रुळांवरच्या तारांत २५,००० व्होल्ट असतात. लोकलचा सुंदर शॉट घेताना ड्रोन तारेवर पडला तर गाड्या थांबतील आणि तुमचं नाव बातमीत येईल.

जंगलाची हद्द हा वेगळा विषय आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा पक्षी अभयारण्य इथे वन विभागाच्या परवानगीशिवाय नाही. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. चंदेरी, ताहुलीच्या डोंगररांगेत बरीच जमीन वनखात्याची आहे, तेव्हा पायथ्याच्या गावात आधी विचारून घ्या.

गावात विचारण्याला आणखी एक कारण आहे. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, पुणे जिल्ह्यांतल्या गावांमध्ये रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या बातम्या आल्या, चोर टेहळणी करतात अशी भीती पसरली, लोक रात्र रात्र जागले. त्यानंतर अनोळखी माणसाच्या हातात रिमोट दिसला की गावकरी जमतात आणि त्यात त्यांची चूक नाही. पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटा, चहा घ्या, लहान पोरांना स्क्रीनवर त्यांचंच गाव दाखवा. मग तीच पोरं तुमची राखण करतात. रात्री मात्र उडवूच नका.

मैदानावरची दहा मिनिटं

मी नेहमी या क्रमाने जातो. पंखे बोटाने फिरवून चिरा बघतो. बॅटरी नीट बसल्याचा 'टक' आवाज ऐकतो. ड्रोन गाडीच्या टपावर किंवा सळया असलेल्या स्लॅबवर ठेवून सुरू करत नाही, लोखंडाने होकायंत्र बिघडतं. उपग्रहांची संख्या पुरेशी झाली आणि 'होम पॉइंट', म्हणजे परत यायची जागा, नोंदला गेला की मगच वर.

घरी परतण्याची उंची प्रत्येक जागी नव्याने ठरवावी लागते. सिग्नल गेला तर ड्रोन त्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत परत येतो. बदलापूर पश्चिमेला वीस-बावीस मजली इमारती झाल्या आहेत, म्हणजे साठ-सत्तर मीटर. शिवाय वीजवाहिन्यांचे टॉवर. वाटेतल्या सर्वांत उंच अडथळ्याहून वीस मीटर वर आणि १२० च्या आत, असा माझा हिशोब.

उंचीचा आणखी एक घोटाळा. अ‍ॅपमध्ये दिसणारी उंची जिथून उडालात तिथून मोजलेली असते. साठ मीटरच्या गच्चीवरून उडवून अ‍ॅपमध्ये १२० दिसेपर्यंत चढवलात, तर रस्त्यापासून तुम्ही १८० वर आहात आणि नियम मोडून बसला आहात.

वारा: छोट्या ड्रोनची वारा सोसण्याची ताकद साधारण ताशी ३८ किलोमीटरपर्यंत सांगितलेली असते. जमिनीवर झाडाची पानं नुसती हलत असली तरी शंभर मीटरवर वेगळंच असतं. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परतताना वारा ढकलत आणतो. उलट केलंत तर बॅटरी नदीच्या मधोमध संपते. पावसाळ्यात दोन सरींमधली उघडीप बघून मोह होतो. हे ड्रोन पाण्यासाठी बनवलेले नाहीत.

आणि घारी. थंडीत त्यांची घरटी असतात, तेव्हा त्या ड्रोनच्या मागे लागतात. घार वरून झेप घेते, म्हणून घाबरून खाली आणू नका. आधी सरळ वर चढवा, ती बाजूला झाली की दूर नेऊन उतरवा. जानेवारीत संक्रांतीच्या आठवड्यात मी ड्रोनला सुट्टी देतो. नायलॉन मांजावर बंदी आहे, पण हवेत तो असतोच आणि पंख्यात अडकला की ड्रोन दगडासारखा खाली येतो.

हवेत असताना

ड्रोन डोळ्यांना दिसला पाहिजे, स्क्रीनवर नव्हे. दिसेनासा झाला की परत. हेलिकॉप्टरचा आवाज आला की वाद न घालता खाली उतरवा, माणसं बसलेल्या विमानाला वाट देणं हा नियमच आहे. पालखी, मिरवणूक, बाजार, शाळा सुटण्याची वेळ, अशा वेळी माणसांच्या डोक्यावर आणू नका. ड्रोन छोटा असला तरी पंखे धारदार असतात.

कॅमेरा कुणाच्या खिडकीकडे वळवू नका. बाईमाणसाचं खासगी क्षणातलं चित्रण हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई आहे ते वेगळंच. हेतू तसा नव्हता हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं. आमच्या मागच्या इमारतीतल्या एक काकू गच्चीवर वाळवण घालत होत्या आणि माझा ड्रोन त्यांच्यावरून गेला. त्या खाली येऊन जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना जागेवरच पूर्ण चित्रण दाखवलं, त्यांच्या देखत ते पुसलं. आता मी इमारतींवरून जाताना कॅमेरा क्षितिजाकडे ठेवतो, खाली वळवतो तो फक्त शेतावर आणि नदीवर.

कुणी अडवलं तर

आधी ड्रोन उतरवा, मग बोला. ड्रोन हवेत ठेवून वाद घातला की समोरचा चिडतो आणि तुमचं लक्ष उडतं. माझ्या बॅगेत एक प्लास्टिकचं फोल्डर आहे: बिलाची प्रत, युआयएनची प्रत, ओळखपत्र, त्या दिवशीच्या नकाशाचा तारीख-वेळेसह प्रिंट किंवा स्क्रीनशॉट, आणि ड्रोन नियमांतलं वर्गवारीचं पान. पोलिसांना कायदा शिकवायला जाऊ नका. "साहेब, हे कागद बघा, तुम्ही सांगाल तसं" एवढं पुरतं. ड्रोन नियम मोडल्याचा दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, हे डोक्यात असलं की आवाज आपोआप खाली येतो.

पडला तर

कुणाला लागलं तर आधी माणूस, मग ड्रोन. नियमानुसार अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत ऑनलाइन डीजीसीएला द्यायची असते. ड्रोनमधल्या उड्डाणाच्या नोंदी पुसू नका, विमावाला त्या मागतो. नॅनोला विमा सक्तीचा नाही, तरी वर्षभराचा तिसऱ्या पक्षाचा विमा मिळतो का ते विचारा. रस्त्यावर उभ्या गाडीची काच फुटली तर खर्च कुणी द्यायचा यावर गल्लीत भांडण होतं. मी ते पाहिलंय, सुदैवाने ड्रोन माझा नव्हता.

बॅटरी फुगली, चेपली असेल तर चार्जिंगला लावू नका, वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

मित्राचं लग्न आणि पाचशे रुपये

ड्रोन आहे म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, "आमच्या हळदीला ये ना घेऊन, पेट्रोलचे पैसे देतो." ड्रोन मायक्रो असेल तर इथे हौस संपते आणि व्यवसाय सुरू होतो. पायलटचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५, किमान दहावी पास आणि डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. नॅनोला प्रमाणपत्राची माफी कामासाठी उडवतानाही आहे, पण मांडवाखाली तीनशे माणसं असतात, वर विजेच्या माळा असतात आणि बँडवाल्यांचा धूर असतो. मी पहिल्या आमंत्रणालाच नाही म्हणालो, तर मित्र महिनाभर बोलला नाही.

एक बातमी डोळ्याखालून घालत राहा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नागरी ड्रोनसाठी नव्या कायद्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी ठेवला. तो लागू झाला की वरची कलमं आणि दंडाचे आकडे बदलतील. दर सहा महिन्यांनी डीजीसीएच्या संकेतस्थळावर एक फेरी मारायची मी सवय लावून घेतली आहे.

माझ्या वहीतलं या रविवारचं पान असं आहे: वजन २४८, नकाशा हिरवा, सकाळी ६.१० ला तपासला, पोलीस ठाण्यात फोन शनिवारी संध्याकाळी, आदेश नाही, वारा मंद, जागा नदीकाठची शेतं, मालकाला विचारलं, दोन बॅटऱ्या, एक घार, उतरवला ७.०५.